चार इंचाला एक सूत कमी

त्या वर्षी अख्खा एप्रिल पाण्यात गेला. ओढ्याकडच्या शेतात पाऊल टाकलं की बूट तिथंच राहायचा आणि मोजा घातलेला पाय तेवढा वर यायचा. मक्याचं बियाणं शेडमध्ये पोत्यांत पडून होतं. माझा मुलगा रेंके दिवसातून दहादा स्वैपाकघराच्या खिडकीशी येऊन आभाळाकडे बघायचा आणि दहादा माझ्या पुसलेल्या फरशीवर चिखल ठेवून जायचा. रिकामा पुरुष घरात असला की काहीतरी उघडून बसणार, हे मला ठाऊक होतं. पंप उघडेल, दाराचं कुलूप उघडेल. पण रविवारी जेवताना तो म्हणाला, "आई, बाबांच्या फार्मॉल ट्रॅक्टरचं इंजिन खोलायचं म्हणतोय."

मी बटाटे वाढत होते, ते वाढले.

"कशाला?"

"निळा धूर सोडतोय. आणि जुलैत जत्रेला न्यायचाय. जुन्या ट्रॅक्टरांची वजन ओढायची शर्यत असते ना, त्यात. लव्हॉननं सामान मागवलंयसुद्धा."

लव्हॉन माझी सून. ती सोसायटीच्या दुकानात स्पेअर पार्टच्या काउंटरवर असते, आणि गावातले पुरुष इंजिनाचं काही विचारायचं झालं तर रेंकेला न विचारता तिला विचारतात. तिनं बोटांवर मोजून सांगितलं. मोठ्या मापाचे लायनर म्हणजे सिलिंडरातल्या नळ्या, मोठे पिस्टन, नवा कॅमशाफ्ट, आणि हेड मशीनवर घासून घ्यायचं म्हणजे दाब वाढतो.

"छत्तीस घोड्यांचा ट्रॅक्टर आहे, पंचावन्नचा होईल," ती म्हणाली.

"माझ्या बापाकडे सहा होते. शेत काही पडीक राहिलं नाही."

"त्या सहांना खायला किती लागायचं तेही सांगा."

जीभ आहे तिला. त्यासाठीच मला ती आवडते, पण ते सांगून मी तिला बिघडवणार नाही.

"रंग द्या, चकाकवा, शाळेच्या पोरांपुढे उभा करा," मी म्हटलं. "इंजिन खोलायचं नाही. तुझ्या बापानं ठेवलंय तसं राहू दे."

रेंकेला वाटलं, आईला बाबांची आठवण येते. त्यानं माझ्या हातावर हात ठेवला. मी तो हात उचलून त्यात वाटाण्याचं भांडं दिलं. हार्मची आठवण येते, ते खरंच होतं. पण इंजिन न खोलण्याचं कारण ते नव्हतं. त्या इंजिनात माझं एक खोटं होतं, आणि ते चाळीस वर्षं आत चालत होतं.

*

आमचे वडील कमी बोलायचे आणि एकदा बोलले की बदलायचे नाहीत. ओढ्यापासून वर कुंपणापर्यंत चढत जाणारे त्यांचे ऐंशी एकर होते. त्याहून काळी माती मी कुठं पाहिली नाही. म्हातारपणी ते कुणाला द्यायचे, हा प्रश्न होता. माझा थोरला भाऊ ओको हा मुलगा, म्हणजे त्यालाच मिळणार, असं सगळे धरून चालले होते. पण ओको दोन वर्षं लढाईवर होता तेव्हा ते ऐंशी एकर घोड्यांमागे चालून मी नांगरले होते. सतरा वर्षांची होते. शाळा सहावीतच सुटली होती, आई अंथरुणाला खिळली म्हणून. त्या चढावर कुठं दगड लागतो आणि कुठं पाणी पाझरतं ते ओकोला नकाशात दाखवावं लागलं असतं, माझ्या तळपायांना ते आधीच कळायचं.

हे मी बाबांना एकदा बोलून दाखवलं. ते तीन दिवस गप्प राहिले. चौथ्या दिवशी म्हणाले, "ओकोकडे आणि तुझ्या हार्मकडे एकसारखाच ट्रॅक्टर आहे, एकाच आठवड्यात घेतलेला. चार फाळांचा नांगर लावायचा. तिसऱ्या गिअरात ओढ्यापासून कुंपणापर्यंत जायचं. ज्याचा गिअर न बदलता वर येईल, त्यानं आपलं जनावर नीट ठेवलंय. जमीन त्यानं कसायची."

त्या ट्रॅक्टरला तीन फाळ म्हणजे पुरेपूर ओझं. चार फाळ घेऊन त्या चढावर कुणाचाच जाणार नव्हता. हे मला कळत होतं, म्हणून मी कोंबड्या विकल्या आणि इलिनॉयमधल्या एका कारखान्यातून पोस्टानं मोठे पिस्टन आणि त्यांचे लायनर मागवले. ट्रॅक्टरचा मूळचा पिस्टन चार इंचाला एक सूत कमी. हे पुरे चार. एक सूत म्हणजे किती, तर दोन पातळ नाणी एकावर एक ठेवली एवढं.

हार्मला ते पसंत नव्हतं. "गेस्के, कुणी विचारलं तर काय सांगायचं?"

"विचारणार कोण?"

कोठाराची दारं लावून आम्ही दोन दिवस काम केलं. मी कॉफीचा डबा कात्रीनं कापून पट्टी केली. ती पिस्टनवरच्या रिंगांभोवती आवळायची आणि पिस्टन लाकडाच्या दांड्यानं खाली ठोकायचा. पहिले दोन दोघांनी मिळून बसवले. तिसऱ्याच्या वेळी गाय अडली, हार्म तिकडे धावला, आणि तिसरा मी एकटीनं बसवला, रिंगा चढवण्यापासून. तो कोपरापर्यंत रक्तानं माखून परत आला तेव्हा मी हात पुसत उभी होते. पत्र्यानं माझी बोटं कापली होती, ती त्याला दाखवली नाहीत. त्यानं सिलिंडरात वाकून पाहिलं आणि म्हणाला, "झालं की गं."

आयुष्यात त्यानं माझं एवढंच तोंडावर कौतुक केलं, आणि मला ते पुरलं.

एप्रिलमध्ये ओकोचा ट्रॅक्टर चढाच्या वरच्या टप्प्यावर बसला. हार्मचा शेवटच्या पन्नास पावलांत वाकला, घसा खाकरल्यासारखा आवाज केला आणि कुंपणापर्यंत गेला. मग सगळे आमच्याकडे चहाला आले.

समुद्रापलीकडून इथं आलेल्या आमच्या लोकांत चहा तीन कप. आधी खडीसाखरेचा खडा, त्यावर चहा, वर साय, आणि ढवळायचं नाही. तिसऱ्या कपाआधी उठणं म्हणजे त्या घरावर थुंकणं. पुरे झालं की चमचा कपात ठेवायचा, मग कुणी ओतत नाही. दुसऱ्या कपावर ओको म्हणाला, "त्या इंजिनात काहीतरी घातलंय."

बाबांनी हार्मकडे पाहिलं. हार्मनं तोंड उघडलं. आणि मी बोलले.

"साबण आणि तेल घातलंय," मी म्हटलं. "तूही घालून बघ. आठवड्यातून एकदा तो ट्रॅक्टर धुतला असतास तर आज बापापुढे मान खाली घालावी लागली नसती."

बाबा हसले. बाबांना हसताना मी दोनदा पाहिलंय, त्यातली ही एक वेळ. ओकोची बायको मेटा त्याच्याशेजारी बसली होती, सातव्या महिन्यात. ओकोनं चमचा कपात ठेवला आणि तिला हाताला धरून उठवलं. त्याचा तिसरा कप माझ्या हातातल्या किटलीत तसाच राहिला.

तेव्हापासून तो माझ्याशी बोलला नाही, मी त्याच्याशी. राहतो रस्त्याच्या पलीकडे. दुसऱ्यांची शेतं काही वर्षं कसली, मग धान्याच्या गोदामावर वजनकाट्याशी नोकरी धरली. मेटा गेली तेव्हा मी केक पाठवला, तो रिकामी बशी धुऊन आमच्या टपालपेटीवर ठेवून गेला. चर्चमध्ये तो आमच्यापुढे दोन बाकं सोडून बसतो. चाळीस वर्षं मी माझ्या भावाची मान पाहिली. तांबडी होती, मग तिला चिरा पडल्या, मग ती सदऱ्याच्या कॉलरात सैल झाली. एखाद्या रविवारी गाणं म्हणताना तो श्वासाला चुकायचा, लहानपणी चुकायचा तसाच, आणि मी मागे बसून त्याच्यासाठी श्वास घ्यायचे.

हार्मनं मला दोनदा विचारलं, "सांगून टाकू का त्याला?" दोनदा मी नको म्हटलं. तिसऱ्यांदा त्यानं विचारलं नाही. सहा वर्षांपूर्वी गेला.

*

त्या ओल्या एप्रिलात ओको दोन रविवार चर्चला आला नाही. पहिल्या रविवारी मला वाटलं, सर्दी असेल. दुसऱ्या रविवारी त्या बाकावर कुणीतरी आपला कोट ठेवला. तो कोट पाहिल्यावर मला पुढची प्रार्थना ऐकू आली नाही.

घरी आल्यावर मी रेंकेला म्हटलं, "खोल तुझं इंजिन. पण आधी एकदा चढावरून फिरवून आण. रस्त्यानं ने, शेतात घालू नकोस."

"एकदम काय झालं?"

"ऐकायचंय मला. नवे पिस्टन घातले की आवाज बदलेल."

"बदलेलच," लव्हॉन म्हणाली. "चांगला होईल."

"तुला चांगला."

मी ओसरीवर शाल घेऊन उभी राहिले. त्या आवाजावर मी पस्तीस वर्षं किटली चढवली होती. हार्म कोपऱ्यावर वळला की एक सूर, पुलावर दुसरा, आणि चढाच्या शेवटी ते खाकरणं. खाकरणं ऐकलं की पाणी ओतायचं, तो हात धुऊन टेबलाशी येईपर्यंत चहा तयार. तो गेल्यावर पहिलं वर्षभर रेंके कधी ट्रॅक्टर काढायचा आणि माझा हात आपोआप किटलीकडे जायचा. रेंके चढावर गेला. ट्रॅक्टर वर जाऊन वाकला, खाकरला, गेला. मागे निळा धूर ओल्या हवेत खाली बसला, उठेचना.

रस्त्यापलीकडे ओकोचं दार उघडलं. खांद्यावर घोंगडी, पायात नुसत्या सपाता. तो ट्रॅक्टरकडे बघत होता, नंतर धुराकडे. माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही. धूर विरला तसा आत गेला. मला त्याचा खोकला ऐकू आला.

*

सोमवारी रेंकेनं हेड उतरवलं. मी कोठारात पालथ्या बादलीवर बसले होते. तो म्हणाला, आई, गारठा आहे. मी म्हटलं, तुझ्या आधीपासून आहे. लव्हॉननं चिंधीनं सिलिंडर पुसला, कॅलिपर लावला आणि थांबली.

"रेंके, मूळचं माप किती?"

"चारला सूत कमी."

"हे चार आहे."

"नीट धर."

"मी रोज धरते. चार आहे. आणि हा पिस्टन मूळचा नाही, माथ्यावर दुसराच छाप आहे. आपल्याआधी इथं कुणीतरी येऊन गेलंय."

रेंकेनं वाकून पाहिलं. मग तो हसायला लागला, पान्हा हातातून खाली ठेवून हसला. "बाबा. अगं, बाबांनी केलं हे. आणि मी लहानपणी दुकानातून गोळ्यांचं एक पाकीट उचललं तर मला दोन मैल चालत परत द्यायला पाठवलं होतं. उद्या सोसायटीत सांगतो ना, लोक खुर्चीवरून पडतील. हार्म हाइकेन्स, चर्चचा पंच, आणि सासऱ्याला चार इंची टोपी घातली."

लव्हॉन हसत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

मला वाटलं होतं, ही वेळ आली की मी गप्प बसेन. मेलेला माणूस काही बोलत नाही, त्याच्या नावावर जाऊ दे. पण रेंकेच्या तोंडून ते नाव असं आलं आणि मला हार्मचं ते उघडलेलं तोंड दिसलं, माझ्या बाबांपुढचं, ज्यातून मी शब्द येऊ दिला नव्हता.

"तुझ्या बापानं नाही," मी म्हटलं. "मी."

मग सगळं सांगितलं. फार वेळ लागला नाही. एवढ्या वर्षांचं ओझं, सांगायला लागलं तर एक बादलीभर भरलं. रेंके चिंधीनं एकच बोट पुसत राहिला.

"मामाला माहीत आहे?" त्यानं विचारलं.

"मी सांगितलं नाही तर कसं असेल? तिसरा काढून दे मला."

"तिसराच का?"

"तो मी एकटीनं बसवलाय."

खालून नट सोडवून, दांडा काढून तिसरा पिस्टन त्यानं माझ्या हातात दिला. काजळीनं काळाकुट्ट होता, बाकीच्या तिन्हींपेक्षा काळा. मी तो पुसला नाही. चहाच्या फडक्यात बांधला. पोटच्या पोरासारखं ते जड गाठोडं मी छातीशी धरलं.

"गाडीनं सोडू का?" लव्हॉन म्हणाली.

"रस्ता ओलांडायला मला गाडी लागत नाही."

"चाळीस वर्षं लागली."

तिनं माझ्या शालीचं टोक चिखलातून उचलून खांद्यावर टाकलं.

*

ओकोनं दार उघडलं. जवळून पाहिला तर किती लहान झाला होता. माझ्याकडे पाहिलं, गाठोड्याकडे पाहिलं.

"पाय पूस," तो म्हणाला.

मी पाय पुसले. आत मेटाचे पडदे अजून होते, धुतलेले पण वाकडे टांगलेले. त्यानं किटली ठेवली. खोकत होता, टेबलाला धरून. मी उठायला गेले तर हातानं बस म्हणाला. साखर घातली, चहा ओतला, साय सोडली. पहिला कप आम्ही प्यायलो. दुसऱ्या कपावर मी फडकं सोडलं.

त्यानं चष्मा घातला. पिस्टन उचलून खिडकीकडे नेला. खण उघडून पोलादी पट्टी काढली, माथ्यावर आडवी ठेवली.

"पुरे चार," तो म्हणाला.

"मी खोटं बोलले होते, ओको. हार्म सांगणार होता. मी सांगू दिलं नाही."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"मार्चपर्यंत तुमच्या ट्रॅक्टरचा धूर स्वच्छ होता. त्या दिवशी चढावर निळा. धुतलेला ट्रॅक्टर एका महिन्यात निळा होत नाही, गेस्के. इंजिन उघडलं आणि पुन्हा नीट लावता आलं नाही, की होतो. मी तुमच्या मागे अडकून बसलो होतो, तुमचा सगळा धूर माझ्या तोंडावर येत होता."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो होतो."

त्यावर मी भलतंच बोलले. "नीट लावता आलं नाही म्हणजे? हा तिसरा मी एकटीनं बसवलाय. कुणाचा हात लागला नाही."

"दिसतंय." त्यानं पिस्टन माझ्यापुढे धरला आणि मधल्या रिंगेवर नख ठेवलं. "ही खूण दिसते? ही वर हवी. तू खाली घातलीस. ही रिंग तेल खाली खरवडते. उलटी घातली की वर ओढते. चाळीस वर्षं हिनं तेल जाळलं."

मी पाहिलं. खूण खाली होती.

हार्म दर शनिवारी ट्रॅक्टरात तेल घालायचा. एक डबा, कधी दीड. मी ओरडायचे, किती पितो हा ट्रॅक्टर, तुझं लक्ष नसतं. तो म्हणायचा, "जुना झालाय गं." पहिल्यांदा असं म्हणाला तेव्हा माझे पिस्टन घालून दोन महिनेही झाले नव्हते. मला ते आजपर्यंत कधी खटकलं नव्हतं. त्याला कळलं असणार, पहिल्याच आठवड्यात. उघडायचं म्हणजे सगळं उघडं पडायचं, आणि शिवाय मला सांगावं लागायचं की तू चुकलीस. पस्तीस वर्षं तो शनिवारी झाकण फिरवून तेल ओतत राहिला आणि माझी बोलणी खात राहिला. मला त्या क्षणी घरी जाऊन त्याच्यावर ओरडायचं होतं. घरी कुणी नव्हतं.

ओको माझ्याकडे बघत नव्हता. खिडकीतून चढाकडे बघत होता.

"मेटाला तिथं वर घर हवं होतं," तो म्हणाला. "कुंपणाजवळ. तिनं पावलांनी मोजून खुंट्या ठोकल्या होत्या. तुम्ही नांगरल्या त्या."

खुंट्या मला आठवत होत्या. मीच उपटल्या होत्या, चुलीत घातल्या होत्या.

"घे ती जमीन," मी म्हटलं. "रेंकेला मी सांगते. तो ऐकेल."

"मी काय करू? मोजे घालायला वाकता येत नाही मला." त्यानं चष्मा काढून खिशात ठेवला. "तेव्हा हवी होती."

बाहेर पन्हाळीतून पाणी गळत होतं. मी कप संपवला. त्यानं माझ्या घरी दोनच कप घेतले होते, मलाही त्याच्या घरी दोनच घेता येत होते. मी चमचा कपात ठेवला आणि फडक्याची टोकं गोळा करायला लागले.

ओकोनं त्या चमच्याकडे पाहिलं. मग हात लांब करून तो कपातून काढला, सदऱ्याच्या बाहीला पुसला आणि बशीत ठेवला.

"रिंगा मी बसवीन," तो म्हणाला. "हा खोकला जरा खाली बसू दे. तुझ्या पोराला आणि त्या सुनेला सांग, तोपर्यंत कशाला हात लावायचा नाही. आणि तू कोठारात यायचं नाहीस."

"माझं कोठार आहे."

"बाहेर बस."

त्यानं साखरेचा खडा माझ्या कपात टाकला. दोन्ही हातांनी किटली उचलली, मी धरायला गेले नाही. चहा खड्यावर पडला आणि साखर तडकली. तो बारीक आवाज थांबेपर्यंत आम्ही दोघं कपावर वाकून ऐकत राहिलो.